ताईने काढलेला चित्ता

आप्पा, ताईवर मी अजूनही जळतो. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, माझी पन्नाशी उलटली, इकडे कतारमध्ये, लुसैलला पंधराव्या मजल्यावर घर आहे, कंपनीत बऱ्यापैकी हुद्दा आहे, आणि तरी कुणी ताईचं कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं. तुमच्यापाशी आता लपवून काय करायचंय?

सुरुवात तुम्हीच केलीत. दिवाळीच्या सुट्टीत आम्हा दोघांना तुमच्या फोटो स्टुडिओत नेलंत, ताईला डार्करूममध्ये घेतलंत आणि मला काउंटरवर बसवलंत. मी आपला पासपोर्टचे फोटो कात्रीने कापतोय, आठ-आठ पाकिटात भरतोय, आणि काळ्या पडद्यामागून तुमचं दोघांचं हसणं ऐकू येतंय. एकदा धीर करून विचारलं, "मी येऊ आत?" तुम्ही पडदा न उघडताच म्हणालात, "नको. तुला घाई फार." बस्स, एवढंच. तुमच्या ते लक्षातही राहिलं नसेल. ताई बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना हायपोचा, त्या फोटो धुवायच्या औषधाचा, वास येत होता, आणि तो ती मला मुद्दाम हुंगायला लावत होती. मी तिच्या हाताला कडकडून चावलो. मार अर्थातच मला बसला.

या वर्षी ताई शाळेतून रिटायर झाली. मी तिला इकडे बोलावून घेतलं आणि दोह्याहूनच केनियाला फोटोग्राफीच्या सफारीवर घेऊन गेलो. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. खरं सांगू? मला तिला माझा कॅमेरा दाखवायचा होता. हातभर लांब लेन्स, सेकंदाला वीस फोटो. बायकोने आधीच अंग काढून घेतलं होतं, आणि लेकीने इंग्रजीत सुनावलं की बाबा तिकडे सगळ्यांवर ओरडत सुटणार, मी येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये आम्ही दोघं आणि गाइड. गाइड तिथलाच, केस पिकलेला, बोलणं मोजकं. त्याने वारुळावर बसलेली चित्त्याची मादी आणि तिचं पिल्लू दाखवलं, इंजिन बंद केलं आणि सांगितलं, आता हलायचं नाही, नुसतं थांबायचं. मी पहिल्या दहा मिनिटांत हजारेक फोटो ओढले. गाइडने वळून माझ्याकडे पाहिलं. मादी ढिम्म. तास झाला तरी ढिम्म. मला भूक लागली. लॉजचं खाणं ताईला पटणार नव्हतं, म्हणून तिने माझ्या स्वयंपाकघरातून तिखटमिठाच्या पुऱ्या करून आणल्या होत्या. हाताला लोणच्याचं तेल लागणार, म्हणून मी कॅमेरा तिच्याकडे दिला. म्हटलं, "धर जरा. काही दाबू नकोस हं."

तिने लेन्स समोरच्या वाळूच्या पिशवीवर टेकवली, डोळा लावला आणि बसून राहिली. मी दुसऱ्या पुरीवर होतो. तेवढ्यात मादीने मोठ्ठी जांभई दिली, आणि पिल्लाने सरळ तिच्या जबड्यात डोकं घालून आत पाहिलं. आजी घशात बॅटरी मारून बघायची ना, तसं. खट्. एकदाच. मी तोंडात पुरी घेऊन तसाच. गाइड हळूच म्हणाला, "वेल डन, मॅडम." तीन दिवसांत मला एकदाही म्हणाला नव्हता.

संध्याकाळी तंबूत मी फोटो मोठा करून पाहिला. मिशीचा केस न केस शार्प. माझ्या चार हजारांत तसा एक नाही, आप्पा, एक नाही! ताईने विचारलं, "आला का रे?" मी म्हणालो, "हलला गं." ती म्हणाली, "जाऊ दे, मी पाहिलं ना," आणि पुऱ्यांचा डबा विसळायला गेली.

ताई परत गेली आणि इथल्या आपल्या मराठी मंडळाचं फोटोंचं प्रदर्शन आलं, दोह्यातच अबू हमूरला. मी तोच फोटो दिला, माझ्या नावाने. मनाची समजूत घातली की कॅमेरा माझा, लेन्स माझी, सेटिंगही मीच लावलेलं, तिने नुसतं बटण दाबलं. लोक थांबून थांबून बघत होते. मी पाठीमागे हात बांधून उभा. मग एक ड्रायव्हर आला, आपल्याच तालुक्यातला, इथे पंचवीस वर्षं एकटा राहणारा. फोटोखालच्या चिठ्ठीवरचं आडनाव वाचून माझ्यापाशी आला.

"सायेब, माझा पासपोर्टचा फोटू तुमच्या वडलांनी काढलाय. अर्धा तास बशिवलं मला, म्हणले, चेहरा जरा निवू दे. आन मग एकदाच खट्. ह्यो बगितला आन त्येच आठवले बगा. त्येंचा डोळा उतरलाय तुमच्यात."

आप्पा, हे वाक्य मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. उभा जन्म. ते असं ताईच्या फोटोवरून माझ्या पदरात पडलं, आणि मी काय केलं? "हो, म्हणतात सगळे," असं म्हणालो. दोन मिनिटं मला खरंच छान वाटलं. मग मी बाहेर गाडीत जाऊन बसलो, एसी लावला आणि ताईला फोन केला. सगळं सांगितलं. नावाचंही.

मला वाटलं, आता ऐकवणार. तर म्हणते, "म्हणजे शार्प आलाय?"

"आलाय."

"मिशा दिसतायत?"

"एकूण एक."

"अगंबाई!" म्हणाली, आणि लहानपणी हसायची तशी हसली. मग म्हणाली, "मग माझं नाव घाल की, गाढवा."

आत जाऊन मी कार्यकर्त्याला सांगितलं, चिठ्ठीत चूक झालीय. तो ड्रायव्हर तिथेच उभा होता. म्हणाला, "तुमच्या भैनीनं काढला व्हय? तरीच!" ते 'तरीच' मला असं झोंबलं म्हणता!

हे पत्र कुठे टाकायचं नाही ते एका परीने बरंच आहे, नाहीतर ताईच्या हाती लागायचं. नव्या चिठ्ठीवर मी तिचं नाव मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं. आणि खाली, अगदी बारीक, 'कॅमेरा व लेन्स' असं लिहून माझं. हे तेवढं तिला सांगितलेलं नाही.