लडीनं प्यालेलं पाणी

सदलगा, ता. ४ जून १९४४

तीर्थरूप केदारी अण्णास धाकटी बहीण मनू हिचा नमस्कार, वि. वि.

गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आहे, लढाईमुळं विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर मिळत न्हाय. तेव्हा आमचा अण्णा मिठाच्या पाण्यात बॅटरीची वीज सोडून औषध करतो, असा डंका मीच पिटला. तुझ्या दोन्ही बरण्या विहिरीत ओतल्या. वास नाकाला झोंबेल म्हणाला होतास. कालच्या आमटीला याहून जास्त वास असतो. मी म्हटलं, शहापूरचं औषध, सभ्य असेल. माझ्या शब्दावर सासूबाईंनी पाणी उकळायचं सोडलं. परवापासून त्यांना जुलाब-वांत्या आहेत, डोळे खोल गेलेत. खरं सांग रं, बरणीत काय होतं?

उत्तराची वाट बघणारी,
मनू

शहापूर, ता. ७ जून

चि. मनूस आशीर्वाद, घ्यावासा वाटला तर घे.

औषध जोरदार झालं होतं. चुकून सुताची एक लडी त्यात पडली, ती जाईसारखी पांढरी निघाली. सूत पांढरं करायला ती पावडर आम्हा विणकरांनाही मिळत नाही, आणि व्यापारी पांढऱ्या सुतासाठी दारात बसलेला. मी सगळं सूत त्यात बुडवलं. औषधाचा जोर सुतानं पिऊन टाकला, उरलेलं पाणी तुझ्या बरण्यांत भरलं. वास गेलेला मला कळला होता, मनू. तुझ्या वहिनीनं विचारलं, तर तिलाच अक्कल शिकवली.

भरमा गाडीवानाबरोबर ताज्या बरण्या पाठवतोय. हुंगून डोळ्यांत पाणी आलं तरच ओत. त्या सुताचं तांबड्या काठाचं लुगडं सोबत आहे. ते विकायला हात धजत नाही.

लोभ मागत नाही, सासूबाईंची खबर तेवढी कळव.
केदारी

सदलगा, ता. १५ जून

तीर्थरूप अण्णास नमस्कार.

सासूबाई उठून बसल्या. चिकोडीच्या डॉक्टरनं शिरेतून मिठाचं पाणीच दिलं. तुझं विजेसकट वाया गेलं, त्याचं विजेवाचून लागू पडलं. ताज्या बरण्यांनी गल्ली रडवली, मग विहिरीत गेल्या.

लुगडं अंगाला लावायचा धीर मलाही झाला न्हाय. चार पदरी करून घागरीच्या तोंडाला बांधलंय, पाणी गाळायला. कोरं लुगडं घागरीला का नेसवलंस, म्हणून सासूबाई रागावल्या. मी म्हटलं, अण्णानं औषधच पाठवलंय, फक्त विणून. त्या तुला आशीर्वाद देतात. त्यांना अजून काही सांगितलेलं न्हाय. सांगायला तूच ये.

तुझ्यावरचा लोभ आहे तसा आहे. पाणी मात्र मी उकळूनच पिते.
मनू