पान ६१ ते ८४

सांगली,
रविवार, १९ सप्टेंबर १९९९
सकाळी १० वाजून ४० मिनिटे

नाथाजीदादा,

सप्रेम जयभीम.

हे लिहायला बसण्याआधी मी तीच फ्लॉपी अकराव्यांदा काँप्युटरला लावून पाहिली. का, ते पुढे लिहितो.

आत्याचा गुडघा कसा आहे? आईने तेल करून ठेवलं आहे, कुणी साताऱ्याला येणारं असलं की पाठवते. क्रांती परवा तासगावला सासरी परत गेली. आई जेवते, पण वाढलं तरच. मी दुकानातच झोपतो. घरी गेलो की ती एकच गोष्ट विचारते.

चौदा महिने मी तुमच्या स्टुडिओत होतो. लाइट धरणं, वायरी गुंडाळणं, हार घालताना कुठे उभं राहायचं, सगळं शिकवलंत. मिक्सिंग, म्हणजे शूटिंगचे तुकडे काँप्युटरवर जोडणं, मात्र नाही. काँप्युटरवर महत्त्वाचं काही करायची वेळ आली की तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "म्हेंद्र्या, च्या सांग जा दोन." मी पोवई नाक्यावरून परत येईपर्यंत ते झालेलं असायचं. एकदा मी पळत गेलो आणि पळत आलो. तुम्ही हसलात. "लय पळतोस रं गड्या! आता बिस्किटं आण." तेव्हा मीही हसलो होतो. आज त्या हसण्याचा राग येतो, तुमच्याही आणि माझ्याही.

जानेवारीत मी सांगलीला परतलो तो स्वतः शिकायचं ठरवूनच. इथे एका क्लासला पैसे भरले. सर मेनूतली इंग्रजी नावं फळ्यावर लिहायचे आणि पुसायचे. मी विचारलं, "सर, हे दाबल्यावर काय होतं?" तर म्हणाले, "दाबून बघू नकोस, बिघडेल." मुंबईहून शिकवणीची सीडी मागवली. तिच्यातला साहेब भराभरा बोलतो आणि चौथ्या धड्याला सीडी अडकते. पहिले तीन धडे मी नऊ वेळा पाहिले. सातारा आणि सांगली मिळून पुस्तकांची सहा दुकानं पालथी घातली. सगळीकडे टायपिंगची पुस्तकं पुढे केली.

शेवटी एप्रिलमध्ये तुमच्याकडेच आलो. तुम्ही पुण्याहून आणलेल्या मिक्सिंगच्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स तुम्ही मला दोनशे चाळीस रुपयांना दिलीत. घरी येऊन पानं लावली, तर ६० नंतर एकदम ८५. फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यात नुसती चित्रं हायती. तुला काय करायचीत?" मी विश्वास ठेवला. दहावीला इंग्रजीतच नापास झालेला माणूस मी, शब्दकोश घेऊन दिवसाला दोन पानं वाचायचो. चोवीस पानं कमी झाली याचं तेव्हा बरंसुद्धा वाटलं.

आता फ्लॉपीचं.

नऊ मेला क्रांतीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं. त्यातली पंचेचाळीस मिनिटं निवडून काँप्युटरवर घेतली, जोडली, नावं टाकली. व्हीएचएसवर उतरवायचं तेवढं राहिलं. गिऱ्हाइकाचं आधी, घरचं शेवटी, ही तुमच्या स्टुडिओची रीत. जूनमध्ये जतचं एक लग्न मिळालं. डिस्क भरलेली होती, म्हणून क्रांतीचं काम मी फ्लॉपीवर घेतलं. पंचेचाळीस मिनिटांचं लग्न एका फ्लॉपीत मावलं! शेजारी डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या विजयमालाताईंना मी त्या आनंदात पेढा दिला. मग डिस्कवरच्या मोठ्या फाइली पुसल्या आणि कॅमेऱ्यातल्या दोन्ही कॅसेटी जतच्या लग्नाला वापरल्या. काँप्युटरवर घेतलं की कॅसेट पुन्हा वापरायची, हीसुद्धा तुमचीच रीत.

सत्तावीस ऑगस्टला आण्णा गेले. तुम्ही आलात, लांब उभे राहिलात आणि पाणीही न पिता एसटीने परत गेलात. मीही हाक मारली नाही.

जलदान विधीच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "म्हेंद्र, क्रांतीच्या लग्नाची कॅशेट लाव. त्यांचं माइकवरचं बोलणं आयकायचं हाय."

तीस वर्षं मार्केट यार्डात हळदीची पोती तोलली, पण चार माणसांत कधी तोंड उघडलं नाही. ते आण्णा लेकीच्या लग्नात माइक घेऊन दोन मिनिटं बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही, दादा. मी कॅमेऱ्यातून त्यांच्या तोंडावर उजेड पुरतो का ते बघत होतो.

फ्लॉपी लावली. नावं आली, तुकड्यांची रांग आली आणि प्रत्येक तुकडा काळा. आईला म्हटलं, मिक्सिंग चालू आहे. अजून तेच सांगतो. काल म्हणाली, "आरं, किती मिक्सिंग? माणूस जाऊन म्हैना व्हत आला."

शुक्रवारी विजयमालाताईंनी त्यांच्या भावाकडून ते मूळ पुस्तक आणून दिलं. पान ६३ वर चौकट आहे. तिचं मराठी मी शब्द शब्द शोधून केलं: "या फाइलमध्ये चित्र नसते. चित्र कुठे ठेवले आहे त्याचा फक्त पत्ता असतो. मूळ चित्र पुसू नये." त्या चोवीस पानांत चित्रं तीन आहेत. मी मोजली.

तुम्ही ती पानं मुद्दाम काढलीत. मी अडेन, परत येईन आणि पुन्हा चहा आणीन, म्हणून. लग्नात मी दुकान काढतोय म्हटल्यावर तुम्ही पाहुण्यांदेखत ओरडलात, "माझ्याच हाताखाली शिकून माझ्याच पोटावर पाय देतोस व्हय रं?" आणि कॅमेरा खांद्यावर तसाच घेऊन मांडवातून निघून गेलात. शिकवायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंत. अर्धं पुस्तक पूर्ण म्हणून का विकलंत?

एक गोष्ट लपवली तर हे पत्र खोटं ठरेल. पान ५८ माझ्याजवळ होतं. काम पुरं झालं की आधी टेपवर उतरवा, असं त्यात लिहिलं आहे. मला त्यातला एक शब्द अडला होता. शब्दकोश समोर फळीवर होता. मी उठलो नाही, पान उलटलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी तुम्ही बायकांच्या बाजूने शूटिंग करत होता. भांडण नंतर झालं. आण्णा बोलत होते तेव्हा तुमच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता, हे मला पक्कं आठवतं. ती कॅसेट तुम्ही कधीच दुसऱ्या लग्नाला वापरली असेल. वापरली नसेल तर सोबतच्या कोऱ्या कॅसेटवर तेवढा भाग उतरवून पाठवा. चित्र हललेलं चालेल, काळं आलं तरी चालेल. आवाज हवा. तुमचे मामा होते ते, दादा. तुमच्या पहिल्या कॅमेऱ्यासाठी सोसायटीच्या कर्जाला तेच तुम्हाला जामीन राहिले होते. ही आठवण मला द्यावी लागते याचाच राग सगळ्यात जास्त आहे.

मी माफी मागत नाही, तुम्हीही मागू नका. पुसली असेल तर एका ओळीत तसं लिहा. पुढच्या रविवारपर्यंत वाट बघीन. मग आईला पान ५८ सकट सगळं सांगणार आहे.

कॅसेट कोरीच परत पाठवू नका.

तुमच्या हाताखालचा,
महेंद्र

ता. क. हिशेब असा:
क्लासची फी रु. १,५००
शिकवणीची सीडी रु. ३५०
झेरॉक्स (तुम्हाला दिले) रु. २४०
शब्दकोश रु. ९५
कोरी कॅसेट रु. ९०
कुरियर रु. ३५
एकूण खर्च रु. २,३१०

तुम्हाला देणे: साताऱ्याहून निघताना घेतलेली उचल, रु. ४००. मनीऑर्डरने उद्या पाठवतो.
तुमच्याकडून येणे: पान ६१ ते ८४. आणि दोन मिनिटं.