एकोणीस सदऱ्यांची खोळ

७८६
भोर, २० जून २०२३

तीर्थरूप भाईजान यांस,
धाकट्या बहिणीचा सलाम वि. वि.

खोळ शिवून झाली. उद्या रत्नाच्या टेम्पोतून कापूरहोळला पाठवते. दोन माणसांनी उतरवा, एकट्यानं उचलायला जाऊ नका. तुमी पाटीवर लिहून दिलेल्या मापानंच शिवली. पंखांची लांबी छत्तीस फूट वाचली तेव्हा वाटलं, तुमी विमानाऐवजी लग्नाच्या मांडवाचं माप दिलं की काय! नऊ दिवस लागले. इद्दतीत विधवेनं घराबाहेर पडायचं न्हाई, मग मशीन तरी चालू दे म्हटलं. मशीन थांबलं की घर लई गप्प होतं, भाईजान.

बाहेरून ताडपत्री आहे. शिवणीवर मेणबत्ती घासलीय, थेंब आत जायचा न्हाई. आतून मऊ पाहिजे म्हणून गुलफशाच्या अब्बांचे सदरे जोडले, सगळे एकोणीस. लोक म्हणतात मयताचे कपडे वाटून टाक. कुणाला वाटू? त्यांचा निळ्या चौकड्यांचा सदरा मंगळवारच्या बाजारात दुसऱ्याच्या अंगावर दिसला तर म्या काय करू? बटणं काढली, रंगाला ओरखडा नको. खिसे उसवायला घेतले आणि हात चालेना. राहू दिले तसेच.

तुमी हसाल. एकवीस वर्षं म्या त्या विमानाला सवत म्हणत आले. क्लबानं १९६८ सालचं ते धूड विकायला काढलं, आणि तिथं उडवायला शिकवणारे हे आणि दुरुस्त करणारे तुमी, दोघं सारखेच येडे, ट्रकात घालून घेऊन आलात. त्याच वर्षी माझी लाल मखमलीची उशी घरातून गेली. शेजारच्या ठकुबाईवर आळ घेतला म्या. ती अजून माझ्याशी बोलत न्हाई. दर रविवारी हे म्हणायचे, एकदा तरी बस गं शेजारी. म्या म्हणायचे, सवतीच्या मांडीवर बसायची न्हाई.

दवाखान्यात मात्र म्याच त्यांचा हात धरून म्हणाले, बरे व्हा, बसते माझ्या सवतीत. लई खूश झाले हो. ते बरे झाले न्हाईत, पण शब्द माझा आहे. बरसीला गुलफशा उडवील आणि म्या शेजारी बसेन. कबरस्तानावरून एक फेरी मारायची, त्यांना खालून दिसलं पाहिजे. तोवर तिला ओल लागू देऊ नका, एवढंच तुमच्याकडं मागणं.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
मलिका

*

७८६
कापूरहोळ, २६ जून २०२३

चि. मलिका हिस,
हाफिजभाईच्या अनेक दुवा.

खोळ पोचली. काल किकवीच्या माळावर नेली. विमानाच्या शेडची किल्ली सांभाळणारी भागूबाई आणि मी, दोघांनी मिळून चढवली. गुंजवण्याच्या धरणात जमीन गेल्यापासून ती माळाच्या कडेलाच शेळ्या घेऊन राहते. ती म्हणाली असावी की नवरी दिसतेय. मला ऐकू येत नाही, पण तिनं पदर डोक्यावर ओढून दाखवला. चाळीस वर्षं इंजिनांपाशी उभं राहून कान घालवले, आता माणसांची तोंडं वाचतो झालं.

माप कुठं बोटभरही चुकलं नाही. फिरोज असता तर सगळ्या तालुक्याला दाखवत फिरला असता.

इथं दोन ओळी खोडलेल्या दिसतील, त्याकडं लक्ष देऊ नकोस. शाई सांडली. खोळ फार सुंदर झाली आहे.

जेवत जा वेळेवर. आठवण राहू दे आणि पत्र येऊ दे.
तुझा,
भाईजान

*

नागपूर, २७ मार्च २०२४

प्रिय मामू,
सलाम वि. वि.

रजा मंजूर झाली! बरसी सतरा मेची, मी बाराला पोचते. इथं दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना विमान शिकवते आणि मनात आपलंच फिरत असतं. तुम्हाला व्हॉट्सॲप शिकवण्याचा नाद मी सोडला, म्हणून हे पत्र.

अम्मीनं उडायला पंजाबी ड्रेस शिवलाय. साडी पंख्यात अडकेल म्हणते. पंखा पुढं असतो आणि आपण आत, हे मी फोनवर चारदा सांगितलं. काल विचारत होती, उलटी आली तर खिडकी उघडता येते का. मामू, अब्बा गेल्यापासून ती पहिल्यांदा अशी बडबडली. वर्षभरात फोनवर तिचा नुसता श्वास ऐकलाय मी.

तुमचा खुबा कसा आहे? काठी घेऊन शेडपर्यंत जाता येईल ना आता? तपासणी करून सही तेवढी करून ठेवा. तुमच्या सहीशिवाय अब्बांनी कधी चाक हलवलं नाही, मीही हलवणार नाही.

रागावू नका, विसरू नका.
तुमची,
गुलफशा

*

७८६
कापूरहोळ, १८ एप्रिल २०२४

चि. गुलफशा हिस,
मामूच्या अनेक दुवा.

बेटा, हे बसून वाच. मी सही करणार नाही. आपलं विमान आता उडणार नाही.

काल खोळ काढली. पंखांवरचा रंग फुगलाय. खोळीच्या आत तुझ्या अब्बांचे सदरे आहेत. प्रत्येक सदऱ्याचा खिसा जिथं टेकला होता, तिथं दुहेरी कापडानं जास्त पाणी धरलं आणि चौकोन उठलाय. नख लावलं तर रंग गळतो आणि खाली पांढरी भुकटी, पत्र्याचा गंज. आरसा आणि बॅटरी घालून आत पाहिलं. पंखाचा सगळा भार ज्या आडव्या दांड्यावर असतो, त्या स्पारचे पापुद्रे सुटलेत. तुला जास्त सांगायला नको. या जातीचे जुने पंख शोधून आणून बसवायचे म्हटलं तर बरसी सोड, माझी हयात पुरायची नाही.

पाऊस आत गेला नाही. तुझ्या आईची शिलाई पक्की आहे. पण हवेतला ओलावा आत अडकला, सुती कापडानं तो पिऊन धरून ठेवला, आणि ताडपत्रीमुळं वारा लागला नाही.

मला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. विमान कोंडायचं नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या तासाला शिकवत आलो. मलिकाला पत्रात तसं लिहिलंही, आणि खोडलं. शाई सांडली म्हणून थाप मारली. तिनं नवऱ्याचे सदरे जोडून पाठवलेली खोळ मी परत कशी पाठवू? ठरवलं, उघडीप बघून आपणच अधूनमधून काढू. दोनदा काढली. ऑगस्टात मोरीत पडलो, खुबा मोडला आणि अंथरूण धरलं. भागूबाईला निरोप धाडता आला असता. पण तो फिरत फिरत मलिकाच्या कानावर गेला असता, म्हणून तेही केलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून विमान गेलं नव्हतं. गेलं ते फिरोजचं.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते. तरी ये.
तुझा,
मामू

*

नागपूर, २४ एप्रिल २०२४

मामू,
सलाम.

तुमचं पत्र वाचून फार संताप आला. त्या दिवशी इंजिनिअर व्हायचं होतं तुम्ही, भाऊ नंतर झाला असता तरी चाललं असतं. हे सगळं लिहून दोन पत्रं फाडली.

आता खरं सांगते. दिवाळीच्या सुट्टीत मी किकवीला गेले होते. शेडमध्ये एकटीच होते. खोळीची कड उलटली आणि आतल्या कापडाला गाल लावून उभी राहिले. अब्बांचा वास येत होता, मामू. आणि कापड ओलं होतं. गाल ओला झाला तो मी ओढणीनं पुसला. मी वैमानिक आहे, मला त्याच क्षणी खोळ ओढून काढायला हवी होती. पण वास जाईल म्हणून मी कड परत नीट खाली सोडली आणि कुलूप लावलं. तेव्हा तुम्ही एकटेच गुन्हेगार होऊन बसू नका.

अम्मीला यातलं काहीही कळता कामा नये. तिनं जन्मात एकदाच त्या विमानासाठी काहीतरी केलं. इंजिनाचं आयुष्य संपलं म्हणून सांगा, मीही तेच सांगते. बरसीला रजा असूनही येत नाही. समोर आले तर माझ्या तोंडावरून तिला कळेल.

तुमच्यावर रागावलेली आणि तुमचीच,
गुलफशा

*

७८६
कापूरहोळ, २९ एप्रिल २०२४

चि. मलिका हिस,
अनेक दुवा.

तपासणी झाली. इंजिनाचं आयुष्य भरलं, त्यामुळं उडायची परवानगी मिळणार नाही. दोष कुणाचा नाही, वयच झालं. तुझी खोळ उत्तम राहिली. तू शेडकडं यायची तसदी घेऊ नकोस, ऊन फार आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्यावर राग धरू नकोस.
तुझा,
भाईजान

*

७८६
भोर, १८ मे २०२४

तीर्थरूप भाईजान यांस,
मलिकाचा सलाम वि. वि.

तुमाला खोटं लिहिता येत न्हाई. लहानपणी म्या तापानं फणफणले तरी तुमी मला उन्हात विहिरीवर धाडलं, आणि आज म्हणता ऊन फार आहे!

काल फातिहा झाला, पाहुणे जेवून गेले. मग शिवलेला ड्रेस घातला आणि एसटीनं किकवीला गेले. उडणं न्हाई तर न्हाई, माझ्या सवतीला एकदा भेटून खोळ धुवायला आणावी म्हटलं. भागूबाई किल्ली देईना. मग देताना डोळ्याला पदर लावला.

शिडीवर चढून बघितलं. आधी वाटलं, डाग आहेत. पण म्या शिवणारी बाई, भाईजान, खिसा कुठंही ओळखते. डाव्या पंखावर एक चौकोन तिरका आहे. तो खिसा म्याच तिरका लावला होता, ईदच्या घाईत. उसवून देते म्हटलं तर ऐकले न्हाईत, सहा वर्षं तसाच मिरवला. तो तिरका खिसा बघितला आणि सगळं कळलं. तुमची सांडलेली शाईसुद्धा कळली.

एकवीस वर्षं शिव्या दिल्या तेव्हा तिला काही झालं न्हाई. माया केली आणि एका पावसात जीव घेतला. शिडीवरच रडले म्या, भागूबाईनं शिडी धरून ठेवली. वर्षभर मला असं रडू आलं नव्हतं.

मग खाली उतरले आणि विमानाचं दार उघडून आत बसले. शब्द दिला होता ना. उजव्या सीटवर माझी लाल उशी होती. मखमल झिजलेली न्हाई, कुणी कधी बसलंच न्हाई तिच्यावर. बसून बघितलं तर शेडच्या दारातून समोरची धावपट्टी पार टोकापर्यंत दिसली, आणि पलीकडचे डोंगर. मग उशी काढून बसले. काही दिसेना, नुसते काटे आणि तबकड्या. म्या बुटकी, मला बाहेर दिसावं म्हणून ती उशी नेली होती त्यांनी. कधी बोलले न्हाईत. दर रविवारी एकदा बस म्हणायचे आणि म्या न्हाई म्हणायचे, आणि उशी तिथं वाट बघत होती. पट्टा बांधून तासभर बसले, भाईजान. त्यांना सांगितलं, चला आता, म्या तयार आहे.

गुलफशाला यातलं कळू देऊ नका. परवा पोरगी फोनवर इंजिन कसं म्हातारं होतं ते इतकं समजावून सांगत होती, म्या व्हय व्हय म्हणत गेले. तिला वाटू दे मला पटलं. तुमीही स्वतःला खाऊ नका. तुमी खोळ परत धाडली असती तर म्या तुमचं तोंड बघितलं नसतं.

उशी तिथंच ठेवून आले. आज सकाळी ठकुबाईकडं गेले होते. दारात उभी राहून म्हटलं, बाई, चूक झाली माझी, उशी सापडली. तिनं विचारलं, कुठं. म्या म्हटलं, ह्यांच्या शेजारच्या सीटवर. तिनं हात धरून घरात घेतलं आणि चहा टाकला.

आता तुमच्याशिवाय मला हक्कानं रागावणारं कुणी उरलं न्हाई, जपून राहा.
आपली,
मलिका