'निरोगी' नळीची रेघ

गुरुवार, १६ नोव्हेंबर १९९५

आज पुन्हा तपासणीच्या पट्टीवर तीच रेघ. रक्तात हत्तीरोगाच्या जंताचं जनुक असेल तरच ती उमटते, आणि उमटलीय 'निरोगी' चिठ्ठीच्या नळीतल्या रक्तापुढे. ते रक्त अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं. तुलनेसाठी निरोगी रक्त घरच्यांचंच घ्यायची आमच्या प्रयोगशाळेची रीत. दिवाळीत मीच काढलं होतं.

काल वाटलं, माझ्याच हातून काहीतरी मिसळलं असेल. आज सगळं नव्यानं केलं, तरी तेच. मग माझी चूक नेमकी कुठे? की चूकच नाही? लग्नानंतर अक्का बारा वर्षं गुलबर्ग्याला होती, आणि तिकडे हा रोग आहे. हे मला आजच कसं आठवलं?

संध्याकाळी तिचाच फोन. "काय ग, माझं रक्त चांगलं निघालं ना?"

"सरी अक्का, चांगलंच आहे," तिच्या सवयीच्या कानडी 'बरं'सकट म्हणून बसले. का म्हटलं मी तसं?

ती रेघ डोळ्यांपुढून जात नाही. रक्त काढलं तेव्हा अक्का म्हणाली होती, "डाव्या पायातलं जोडवं हल्ली फार रुततंय ग." पंधरा वर्षं याच रोगाच्या अभ्यासात घालवलेली मी, नळीवर 'निरोगी' लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाले, "शिवाजीनगरच्या सोनाराकडून सैल करून घे."