हाकेचा धोंडा

१२ डिसेंबर १९३२

एकदाचा पोचलो. दासगावला बोटीतून उतरलो तेव्हा कोटावर खाऱ्या पाण्याचे डाग पडले होते, पण मी मात्र शाळा सुटलेल्या पोरासारखा खूश होतो. महाडात चवदार तळ्याच्या खटल्यावाचून दुसरा विषय नाही. चहाच्या दुकानात दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि पोलादपूरची मोटार धरली. तिथून पुढे पायी, आंबेनळीच्या पायथ्याच्या या वाडीपर्यंत.

यजमान महिपती. घरचे शेत आहे, बोलणे मोजके. त्याची उणीव बायको ठकूबाई भरून काढते. मुलगा कोंडाजी मुंबईला गिरणीत असतो. सून शकू आणि तिचे तान्हे बाळ इथे. मी विद्यापीठात आशियाचा इतिहास शिकवतो असे सांगितले, तर ठकूबाईने विचारले की तो शिकून पोरे पुढे करतात काय. इतक्या वर्षांत हा प्रश्न विद्यापीठात कुणाला सुचला नाही. इथे मी नुसता मास्तर. बरे वाटले.

१५ डिसेंबर

काम झकास चालले आहे. गेलेल्या माणसांना घरी बोलावण्याच्या चाली मी जावा बेटापासून ब्रह्मदेशापर्यंत गोळा केल्या, आणि एक इतकी जवळ असल्याचा पत्ता नव्हता. मुंबईत मेलेल्या माणसाचे इथे काहीच परत येत नाही, आली तर ट्रंक येते. म्हणून घरची माणसे नदीतला एक गोटा आणतात आणि उंबऱ्यावर मूठभर तांदळावर बसवतात. याला हाकेचा धोंडा म्हणतात. रक्ताच्या माणसाने दारात उभे राहून नाव घेऊन हाक मारायची, की गेलेला घरी येतो. अमावस्येच्या आत धोंडा वाहत्या पाण्यात सोडायचा, आणि ज्याने हाक मारली त्यानेच तोंडाने ‘जा’ म्हणायचे. दुसऱ्या कुणाचे चालत नाही. ही बोळवण. सासरी निघालेल्या लेकीची करतात तीच.

असे टिपण हाती लागायला नशीब लागते. माझ्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण मिळाले.

१७ डिसेंबर

चाल डोळ्यांनी पाहायची होती, फोटोही हवा होता. पण वाडीत एवढ्यात कुणी गेलेले नाही, आणि माझ्या पुस्तकासाठी कुणी मरावे असे म्हणायची सोय नाही. महिपतीला म्हटले, नुसती करून दाखवा. तो म्हणाला, खोटी हाक मारत नाहीत. आपले गेलेले माणूस असेल तरच.

अभ्यासकाने चालीच्या बाहेर उभे राहावे, हे मी वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलो आहे. आज मी आत गेलो. म्हटले, माझे माणूस आहे. माझी मुलगी. गेल्या वर्षी श्रावणात घटसर्पाने गेली, सात वर्षांची होती.

ठकूबाईने उंबऱ्यावर तांदूळ मांडले आणि त्यावर नदीतला गोटा बसवला. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि मालूला हाक मारली. पहिल्या दोन हाका नीट निघाल्या. तिसरीला आवाज फुटला नाही, तरी ठकूबाई म्हणाली, पोचली. फोटो काढायचा राहूनच गेला.

२० डिसेंबर

सकाळी ओटीवर लिहायला बसलो तर पेन्सिलींची टोके चावलेली. मालू चावायची. मी रागवायचो आणि आनंदी, माझी बायको, मलाच हसायची. आधी वाटले उंदीर असेल. मग पेन्सिल उजेडात धरली. दातांच्या खुणांत पुढच्या दोन दातांची जागा मोकळी आहे. तिचे ते दात नुकतेच पडले होते.

डावा हात गार पडला आहे. मी लिहीत असलो की ती डावीकडेच येऊन बसायची.

भ्यायला हवे होते. मी दिवसभर जागचा हललो नाही, उठलो तर तीही उठेल म्हणून. वर्षभरात इतका सुखात नव्हतो.

२२ डिसेंबर

शकूचे बाळ माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून हसते. ते पाहून मीही हसलो. संध्याकाळी त्याचे हात गार पडले. चुलीजवळ धरले तरी गारच. ठकूबाई म्हणते, तुमची पोर एकटी आहे, सोबत शोधते. पोरीच्या मनात वाईट नाही.

ते मला ठाऊक आहे. मालूने एखादी गोष्ट हातात घेतली की तिला सोडवत नसे.

२४ डिसेंबर

बाळ दूध घेत नाही. ओठ निळे. महाडहून डॉक्टर आणवला, तो म्हणाला छाती साफ आहे.

महिपतीने शिवी दिली नाही, घराबाहेर काढले नाही. अमावस्येची वाट पाहू नका एवढेच म्हणाला आणि धोंडा माझ्यापुढे सरकवला.

दुपारी शकू ओटीवर आली. ती माझ्याशी कधी बोलत नाही. तिने बाळ माझ्या पायाशी ठेवले. म्हणाली, “मास्तर, तुमची लेक माज्या लेकराला सोडत नाय. तुमी सांगा तिला. ती तुमचंच ऐकंल.”

ऐकेल. ती माझे ऐकायचीच.

२५ डिसेंबर

नदीवर गेलो. धोंडा पाण्यात धरला. एक शब्द म्हणायचा होता. ती गेली तेव्हा मला कुणी विचारले नव्हते. आता मीच तिला घालवायचे — पाणी फार गार होते. बोटांभोवती तिची पकड —

परत आणला. शकू दारातच होती. तिने माझ्या हाताकडे पाहिले आणि आत गेली.

२६ डिसेंबर

बाळ आता रडतही नाही.

मेलेले परत येतात ते जिवंतांना हवे असतात म्हणून, असे मी व्याख्यानात सांगत असे. टाळ्या पडत.

आनंदीला बोलावून घ्यावे, तिलाही एकदा — नको. तिनेही हाक मारली तर —

२७ डिसेंबर, सव

अमावस्या. गाडी करून महाडजवळच्या या गावी आलो. गार पाण्यात तिला सोडवेना. इथले झरे ऊन आहेत, त्यांचे पाणी उतरून नदीच्या डोहात मिसळते. गाडीवानाला परत पाठवले. भर दुपार, आसपास कुणी नाही.

धोंडा मांडीवर आहे. पोर झोपली की जड होते तसा.

तोंड उघडले. ‘जा’ निघत नाही. पुन्हा — नाही.

ती विचारते, एकटी?

तिकडे शकूचे बाळ — आता उशीर नको —

एकटी नाही, मालू. ‘जा’ म्हणवत नाही. ‘चल’ म्हणेन, तेवढे जमेल. आनंदी, तू मला —

पाणी ऊन आहे गं. घाबरू नकोस. बोट धर. आधी मी पाय —