तिसरी खूण

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. बंडूजी मामाजी यांस,
गुंजनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू जात नाही, म्हणून लिहिते. आमच्या घड्याळांच्या वर्कशॉपात भैय्याजी नावाचे उद्योजक येतात. वीस वर्षं भारी घड्याळं जमवतात. वर्कशॉपचे आमचे सर सांगतात, सुरुवातीला त्यांना लग्नाच्या मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून चमकेल असं सोन्याचं, हिऱ्यांचं हवं असे. मग चंद्राच्या कला दाखवणारं. मग जगात दहाच असतील असं. आता ती सगळी विकून त्यांनी एकच घेतलंय: सत्तर वर्षांचं, साधं स्टीलचं, रोज चावी द्यावी लागणारं. मी ते उघडलं आणि काय सांगू, मामाजी! आतल्या एकेका पट्टीची कड कुणीतरी हाताने घासून आरशासारखी केलीय.

पण ते पडलं आणि आतल्या झुलत्या चाकाचा आस तुटला. कंपनी सगळं यंत्रच बदला म्हणते. भैय्याजींना ते नकोय. असा आस हाताने बनवणारं इथे कुणी नाही, म्हणून मी तुमचं नाव सांगून बसले. रागावू नका, मामीला नमस्कार, माया आहेच ती राहू द्या.

तुमची गुंजन

आर्वी, २१ जानेवारी

चि. गुंजनले अनेक आशीर्वाद.

पोरी, माझं नाव काऊन सांगितलं? मी बस डेपोसमोर ड्रायव्हर-कंडक्टरांची घड्याळं सुधारणारा माणूस. आता तं सेल बदलण्यापुरताच उरलो. तुझी मामी म्हणते, जमत नसन तं नाई म्हणा, पण भेऊन नाई म्हणू नका. म्हणून चार दिवसांपासून सरावासाठी लेथवर आस बनवून राह्यलो. टोक केसाहून बारीक. सतरा मोडले, अठरावा टिकला.

येऊ दे त्यांले. पण साफ सांगजो, माझा हात हलला तं ते घड्याळ गेलं. जेवत जाजो.

तुझा बंडूमामा

आर्वी, ९ फेब्रुवारी

चि. गुंजनले आशीर्वाद.

भैय्याजी स्वतः आलते. दोन दिवस माझ्या स्टुलावर बसून होते. मी विचारलं, हिऱ्याचं काऊन विकलं? त्यांनी कागदावर लिहून दिलं, की आधी लोकांनी आपलं घड्याळ पाहावं वाटे, आता ते बनवणाऱ्याचा हात पाहावासा वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आस बसला. चाक झुललं. मले टिकटिक ऐकू येत नाई, पण त्यांनी घड्याळ कानाले लावलं अन् त्यांचे डोळे भरले. मी पाहतच राह्यलो.

मंग त्यांनी मागचं झाकण पुढं केलं. भिंगातून पाहतो तं आत दोन बारीक खुणा, परक्या लिपीत. आधी ज्यांनी ज्यांनी ते सुधारलं, त्यांच्या. त्यांनी कागदावर लिहिलं, पूर्वी असा ओरखडा दिसला असता तं मी घड्याळ परत केलं असतं. आता तुमची खूण पाहिजे.

गुंजन, भिंग पुसून मी पुन्हा डोळ्याले लावलं. त्या दोन खुणांच्या खाली जागा पाहिली, सुई धरली. कुठले कोण ते दोघं कारागीर, अन् त्यांच्या पंगतीत मी! मंग कोरलं: बंडू, आर्वी.

तिसरी खूण मराठीत आहे, पोरी.

मामाची आठवण ठेवजो.

तुझा बंडूमामा