राजाची एक उडी

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, दुपार

प्रिय मोने,

पत्र बघून घाबरू नकोस, इथं सगळे ठणठणीत आहेत. मम्मीचा गुडघा दुखतोय, पण गच्चीवर पापड वाळत घालायचे असले की तोच गुडघा जिने पळत चढतो. तुला फोन करावा तर तू मीटिंगमध्ये असतेस. मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवतेस. आणि दुकानातून बोलावं तर बन्सीकाका हातातली सुई थांबवून कान देऊन बसतो. म्हणून म्हटलं, सरळ कागद घ्यावा. शिवाय पत्र लिहिताना कोपऱ्यात घड्याळ पळत नसतं, हा माझ्यासारख्याला केवढा आराम.

काल मी तुला बुद्धिबळात हरवलं! तीन मिनिटांच्या डावात! हे वाक्य लिहायला मिळावं म्हणून मी वर्षभर झटलोय, तेव्हा जरा चवीनं लिहू दे. तुला आठवतं ना, गेल्या दिवाळीला तू दोनच दिवस राहून गेलीस आणि मग आलीच नाहीस. मी फोनवर सारखं विचारायचो, कधी येतेस, कधी येतेस. शेवटी तू हसून म्हणालीस, पप्पा, तीन मिनिटांच्या डावात मला एकदा हरवा, दुसऱ्याच दिवशीची बस पकडते. तुला पक्कं माहीत होतं की हे काही या जन्मात होत नाही. दिवाळीचा सफारी संक्रांतीला देणारा टेलर मी, माझी आणि वेळेची कधी गाठ पडलीय? पण तू यावंस म्हणून मी कशालाही तयार होतो. त्याच दिवशी बन्सीच्या पोराकडून, सोन्याकडून, फोनमध्ये तो खेळ टाकून घेतला.

पहिले काही महिने नुसता मार खाल्ला. तुला लहानपणी कटिंगच्या टेबलावर बसवून मीच शिकवलं होतं, हत्ती हरवला म्हणून त्याच्या जागी काळ्या दोऱ्याचं रीळ ठेवून. पण आपल्या दुकानातला कायदा वेगळा. प्यादं एका वेळी एकच घर सरकणार, आणि राजा अडकला की त्याला एकदा, फक्त एकदाच, घोड्याची उडी मारायची मुभा. तू रडवेली झालीस की मी म्हणायचो, अगं, तुझी उडी शिल्लक आहे ना. तर फोनवरही राजा अडकला की मी त्याला उडी मारायला लावायचो, आणि तो फोन त्याला परत जागेवर आणून ठेवायचा. मी उचलायचो, तो ठेवायचा. तेवढ्यात टाइम संपायचा. मला वाटलं फोन बिघडला. चिडून पैठण गेटला दुरुस्तीला घेऊन गेलो. त्या दुकानदारानं फोन बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, चाचा, मोबाइल तो अच्छा है, राजा गलत चलरा तुमारा. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. हसून घे.

मग फोनवर तूच एकेक शिकवत गेलीस. सगळ्यात चांगली चाल शोधत बसू नका पप्पा, बरी दिसली की खेळा. सुरुवातीच्या चाली पाठ करून टाका, तिथं डोकं घालवू नका. समोरचा विचार करतोय तेव्हा आपलाही करून ठेवा. आणि दोन डाव लागोपाठ हरलात तर फोन ठेवून पाणी प्या, तिसरा डाव रागाचा असतो. मला ते माझ्या भाषेत कळलं. तीन मिनिटांत पक्की शिलाई होत नसते, कच्चा टाका घालून पुढं जायचं. पण तीस वर्षांची सवय अशी सुटते होय? टाका जरा वाकडा गेला की उसवायला धावणारा माणूस मी. त्यात बोटांना कायम खडू, निम्म्या वेळा फोन माझं बोटच ओळखायचा नाही. आता डाव सुरू करायच्या आधी हात धुतो. बन्सी मागं उभा राहून ओरडतो, अय भाऊ, टाइम चाललाय ना, हाण की कायतरी! रोज फुलंब्रीहून येतो तो काज-बटण करायला, पण हल्ली त्याचं निम्मं लक्ष माझ्या घोड्यावर. परवा एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना तुझी चाल आली. तो बिचारा डाव संपेपर्यंत दोन्ही हात वर करून उभा होता.

एक सांगू? हरल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. तुझी चाल आली की वाटायचं, पोरगी आहे तिथं, जेवली असेल, बरी आहे. तू जिंकून खाली तो जीभ काढलेला चेहरा पाठवायचीस, त्यासाठी मी आणखी शंभर डाव हरलो असतो. लई आठवण येते तुझी, मोने. मम्मी बोलून दाखवते, मी बोलत नाही, एवढाच फरक.

पण खेळता खेळता मला तुझा हातही कळायला लागला. टाका बघून मी कपडा कुणी शिवलाय ते सांगतो, तसंच. खुशीत असलीस की तू उंट लांबून फेकतेस. वैतागलेली असलीस की प्यादी पुढं ढकलत सुटतेस. पावसाळ्यापासून तू नुसती प्यादी ढकलतेयस. आणि तुझ्या नावापुढं तो हिरवा ठिपका दिसतो ना, तू खेळात आहेस हे सांगणारा, तो आधी ऑफिस सुटल्यावर लागायचा. आता मंगळवारी सकाळी अकरालाही लागलेला असतो. बन्सी एक दिवस सहज बोलून गेला, भाऊ, पोरगी हापिसात जाती तरी कवा? मी त्याच्यावर खेकसलो, तुला काय कळतंय कंपनीतलं, घरून काम असतं तिचं. पण मग मलाच राहवेना. तुला फोन लावला. तू म्हणालीस, पप्पा, मीटिंगमध्ये आहे, आणि ठेवलास. ठिपका हिरवाच होता, तू कुणाशी तरी डाव खेळत होतीस. मी रागावलो नाही गं. डबा मात्र तसाच घरी परत नेला.

तुझी नोकरी गेलीय, हे मला तेव्हाच समजलं. तू का सांगत नाहीस, तेही समजलं. माझी मोना पुण्यात कंपनीत आहे, हे मी औरंगपुऱ्यापासून शहागंजपर्यंत एकालाही सांगायचं सोडलं नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. आणि घरी यावं तर मम्मी स्थळांचे फोटो घेऊन दारातच उभी. माणसानं यावं तरी कोणत्या तोंडानं?

आता कालचा डाव. मी नेहमीच्या चाली पटापट खेळलो, बन्सीची सुट्टी होती म्हणून शांतताही होती. मध्येच तू तुझा वजीर माझ्या उंटाच्या वाटेवर आणून ठेवलास. वर्षापूर्वीचा मी असतो तर झडप घालून मारला असता आणि चौकात पेढे वाटले असते. पण आता मला थोडंफार कळतं. तू असं करत नाहीस. मी वजीर मारला नाही. कडेचं एक प्यादं उगाच सरकवलं. म्हटलं, चुकून राहिला असेल तर उचलेल. तुझ्याकडं टाइम भरपूर होता. तू वजीर नाही उचललास, तूही कडेचं प्यादं सरकवलंस. मग मला फोनवरची घरं नीट दिसेनात. मी वजीर मारला, आणि तू लगेच हरल्याचं कबूल केलंस. जीभ काढलेला चेहरा नाही, काही नाही. नुसतं लिहिलंस, हरले पप्पा, आता यावंच लागणार.

हे पत्र त्यासाठी आहे, बढाई मारायला नाही. तुला घरी यावंसं वाटलं, पण तसं म्हणता आलं नाही, म्हणून तू हरलीस. मग संध्याकाळी तुझा मेसेज आला, उद्या सुट्टी नाही, शनिवारी येते, रविवारी परत निघते. मोने, कशाला परत निघतेस? नोकरी गेली तर गेली, दुसरी मिळेल, नाही मिळाली तर तोवर बापाचं घर काय पळून चाललंय? मम्मीला मी काही सांगितलेलं नाही, ते तू तुला वाटेल तेव्हा सांग. स्थळांचा विषय काढायचा नाही एवढं मात्र बजावलंय, ती फुगून बसलीय, होईल ठीक. वरच्या खोलीतले कापडाचे तागे बन्सीनं आणि मी आज सकाळी खाली आणले, तुझी खाट झटकून ठेवली. फोनच्या कायद्यात राजाला उडी नसेल, आपल्या दुकानात आहे, आणि तुझी अजून शिल्लक आहे. म्हणून दोन दिवसांची बॅग घेऊन येऊ नकोस, सगळं सामान घेऊन ये. शनिवारी मी स्टँडवर उभा असेन. हसू नकोस, वेळेवर असेन.

तुझाच,
पप्पा